खंजिरी आणि खराटा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणूनच की काय, गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गावातील तरुण मंडळाने मला एकमताने अध्यक्ष केले. पहिल्याच सभेत मी ग्रामविकास या विषयावर चांगले अर्धा तास भाषण ठोकले. टाळ्याही मिळाल्या. दर रविवारी सकाळी हापशीभोवतीचा चिखल आणि नाली साफ करायची, असे ठरले.

पहिल्या रविवारी नऊ जण आले. मी हजेरीची वही घेऊन बाजूला उभा राहिलो. दुसऱ्या रविवारी चौघे आले. तिसऱ्या रविवारी मी आणि माझी वही, एवढेच उरलो. घरी येऊन मी गावच्या पोरांना यथेच्छ नावे ठेवली. आजोबा ओसरीवर बसून ऐकत होते. त्यांनी एवढेच विचारले, की मी स्वतः खराटा हातात धरला होता का? मी गप्प झालो. मग आजोबांनी मोझरीला ऐकलेल्या एका भजनाची आठवण सांगितली. ते भजन होते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे. दुसऱ्याच दिवशी मी ग्रंथालयातून महाराजांचे चरित्र काढले.

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात बंडोजी आणि मंजुळाबाई यांच्या पोटी माणिकचा जन्म झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शाळा प्राथमिक इयत्तांतच सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या पायाशी त्याला आसरा मिळाला आणि भाकरतुकड्यावर वाढलेल्या या पोराला गुरूने तुकड्या हे नाव दिले. लहान वयातच गुरूचे छत्र हरपले. पुढे रामटेक, सालबर्डीच्या रानावनांत त्याने साधना केली. लोक दर्शनाला येऊ लागले. एखाद्याने तिथेच गादी मांडली असती, पाया पडून घेतले असते आणि आयुष्य सुखात घालवले असते. पण तुकडोजी रान सोडून गावात आले. मला त्यांच्या चरित्रात सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट.

१९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला, तेव्हा महाराज अवघे सव्वीस वर्षांचे होते. माझ्यापेक्षा फक्त सात वर्षांनी मोठे! पुढे गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या. पहाटेचे ध्यान, ग्रामसफाई, व्यायाम आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना असा त्यांचा क्रम असे. प्रार्थनेला सर्व जातींची माणसे एकाच सतरंजीवर बसत. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. महाराज प्रत्येक गावी रोज कसे पोचणार? शाखा चालवायची ती गावच्याच माणसांनी. खेड्याचा पुढारी बाहेरून यावा लागत नाही, तो खेड्यातच घडवता येतो, यावर त्यांचा भरवसा होता.

गांधीजींच्या सहवासातही ते काही काळ राहिले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी येथे लोक पेटून उठले, गोळीबार झाला, बळी पडले. या जागृतीमागे महाराजांची भजने आहेत हे सरकारने ओळखले आणि त्याच महिन्यात त्यांना अटक केली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांतून डिसेंबरमध्ये ते सुटले. एका खंजिरीची सरकारला धास्ती वाटावी, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

१९५५ मध्ये त्यांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली. तिच्या ४१ अध्यायांत मोक्षाच्या जोडीला गावची स्वच्छता, आरोग्य, गोवंश, स्त्रियांची उन्नती, लग्नातील उधळपट्टी असे रोजचे विषय आहेत. त्याच वर्षी ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजातच त्यांची प्राणज्योत मालवली. ज्याला शाळा पुरी करता आली नाही, त्याचेच नाव २००५ पासून नागपूर विद्यापीठाला आहे!

चरित्र वाचून झाल्यावर मी हजेरीची वही घरी ठेवली आणि पुढच्या रविवारी खराटा घेऊन निघालो. खरे सांगतो, मला लाज वाटत होती. मुलगा शिकून साहेब होईल म्हणून आईने कापूस वेचून फी भरली, आणि तोच मुलगा चारचौघांसमोर नाली उपसतो आहे, असे लोक म्हणतील, ही भीती मनात होती. तासभर एकटाच होतो. पाणी भरायला आलेल्या बायका कुतूहलाने पाहत होत्या. मग शेजारचा एक जण फावडे घेऊन आला. त्यानंतर आणखी दोघे आले. आज आम्ही सात जण नियमाने जमतो. गाव काही बदलून गेलेले नाही, पण हापशीजवळ आता चप्पल काढून हातात घ्यावी लागत नाही.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण माझ्यासारखेच खेड्यातून आले आहेत. सुट्टीत गावी गेलो की लोक आपल्याला मान देतात, पुढची खुर्ची देतात. त्या खुर्चीवर बसायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी तरी तिसऱ्या रविवारनंतर अजून एकही भाषण केलेले नाही.