पाच मैलांतलं घर

सिव्हिलला असण्याचा एक तोटा असतो. घरात साधा खिळा ठोकायचा झाला तरी सगळे तुमच्याकडे बघतात. गेल्या दिवाळीत काकांनी मला थेट एस्टिमेट करायला बसवलं. आमचं घर चाकणच्या पलीकडे, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचं. काही वर्षांपूर्वी त्यावर हौसेनं सिमेंटचा गिलावा केला. माती ओल पिते आणि हळूहळू सोडतेही. पण वरून सिमेंटचा रेनकोट चढवल्यावर ती ओल जाणार कुठे? आता आजीच्या अंथरुणावर पोपडे पडतात, भिंतीला बुरशी येते आणि पावसाळाभर तिचा खोकला थांबत नाही. काकांचा निकाल तयार होता : पाडा, आरसीसी करा.

आकडे मांडता मांडता मला सेवाग्राम आठवलं. सेकंड इयरला आमची टूर तिथे गेली होती. बाकीची पोरं फोटो काढण्यात दंग आणि मी बापूकुटीच्या भिंतीला हात लावून उभा. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत मात्र गारवा. सत्याग्रह, चले जाव हे सगळं आपण शाळेत घोकलंय. हा माणूस राहिला कसल्या घरांत, हे मात्र कोणी विचारत नाही. मग मी तेवढंच शोधून वाचलं.

1869 साली पोरबंदरला दिवाणाच्या घरात जन्म, 1891 ला लंडनहून बॅरिस्टर, 1893 ला दक्षिण आफ्रिका. तिथे 1904 मध्ये दर्बनपासून 14 मैलांवर फिनिक्सची जमीन घेतली. मनात होती मातीच्या भिंतींची, गवतानं शाकारलेली घरं. पण हिशेब केल्यावर तीच महाग पडत होती आणि वेळही जास्त लागणार होता. मग गांधीजींनी काय करावं? पन्हाळी पत्रा घेतला! तोही वापरलेला. पारशी रुस्तमजी नावाच्या व्यापारी मित्रानं एका जुन्या गोदामाचे पत्रे दिले, ओळखीचे सुतार-गवंडी मदतीला आले आणि 75 बाय 50 फुटांची छापखान्याची शेड महिन्याच्या आत उभी राहिली. हे वाचून मला तर एकदम बरं वाटलं. महात्म्यालासुद्धा बजेटपुढे मटेरियल बदलावं लागलं म्हणायचं.

1930 मध्ये स्वराज्य मिळेपर्यंत परतणार नाही म्हणून साबरमती सोडली. पुढे जमनालाल बजाजांच्या आग्रहानं वर्धा, आणि 30 एप्रिल 1936 रोजी वर्ध्याहून पायी शेगाव. बुलढाण्याचं शेगाव वेगळं; टपाल तिकडे जायला लागलं म्हणूनच तर 1940 मध्ये या गावाचं नाव सेवाग्राम झालं. अट एकच होती, घर थोडक्या खर्चात, तिथल्याच सामानातून आणि तिथल्याच कारागिरांच्या हातून व्हावं. पहिलं झालं आदिनिवास. एकाच मोठ्या खोलीत गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि येणारा-जाणारा. म्हणजे आपल्या होस्टेलपेक्षा वाईट अवस्था! आपण बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेननं स्वतःसाठी बांधलेली. बांबू, माती आणि वर कौलं. आदिनिवासात दाटी झाली तेव्हा गांधीजी तिथे गेले. 1937 च्या जानेवारीत त्यांनी लिहून ठेवलं, की आदर्श गावातलं घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाचं असावं आणि त्यात उजेड-वारा भरपूर असावा. त्याच्या थोडंच आधी फैजपूरच्या खेड्यातल्या काँग्रेस अधिवेशनात नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या सामानातून सगळी सजावट केली होती.

पण मातीचं घर म्हणजे आरोग्य, असं सरळ गणित नाही. शेगाव दलदलीचं. 1936 मध्येच खुद्द गांधीजींना मलेरिया झाला आणि वर्ध्याच्या दवाखान्यात राहावं लागलं. भिंत चांगली असून भागत नाही, गटारही लागतं.

1942 ते 44 पुण्यात आगाखान पॅलेसची कैद. भक्कम दगडी वाडा, आणि तिथेच महादेवभाई गेले, कस्तुरबा गेल्या. 1946 च्या मार्चमध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार. तिथे माती भिंतीवरून रोग्यांच्या पोटावर आली. त्याच ऑगस्टमध्ये सेवाग्राम सुटलं ते कायमचं. शेवट 30 जानेवारी 1948 रोजी दिल्लीत, बिर्लांच्या बंगल्यात.

हे सगळं मी आजीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, की दर महिन्याला सारवणार कोण, तू की तुझे गांधीजी? तिचे गुडघे गेलेत. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बापूकुटीसुद्धा आज उभी आहे ती कोणीतरी सतत लिंपतंय म्हणून.

मग दुसरं एस्टिमेट केलं. सिमेंट खरवडायचं, भिंत एक उन्हाळा सुकू द्यायची, वर चुन्याचा गिलावा. बाहेरून पाणी जायला चर. जमिनीला शहाबादी, म्हणजे सारवण बंद. पाच मैलांत आमच्याकडे बांबू नाही, पण एमआयडीसी आहे. मशिनरीच्या पॅकिंगचं लाकूड भंगारात मिळतं. त्यावर शिक्का बघून घ्यायचा : एचटी म्हणजे नुसती उष्णता दिलेलं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते घरात नको. माळ्याच्या फळ्या त्यातूनच होतील.

काकांनी दोन्ही कागद पाहिले. दुसऱ्यावरचा आकडा पहिल्याच्या पावपटसुद्धा नव्हता, म्हणून त्यांना तो चुकलेला वाटला आणि पुन्हा तपासायला दिला. आजीच्या खोलीची एक भिंत मात्र त्यांनी खरवडू दिलीय. आता जूनमध्ये कळेल.