राहुरीत सुटलं लक्ष्मीबाई टिळकांचं सोवळं

लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. वडील इतके सोवळे, की मीठ-साखरही धुऊन घ्यायचे. अकराव्या वर्षी लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. पुढे कवी म्हणून गाजले ते हेच.

१८९५ ला टिळक ख्रिस्ती झाले अन् बाईंवर आभाळच कोसळलं. नवरा जिवंत असून चार-पाच वर्षं लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपूरला, नाशकाला नातेवाइकांत काढली. शेवटी नगरला नवऱ्याकडे आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. एका घरात असं राहणं सोपं नव्हतं.

हे सुटलं राहुरीत. जाती देवाने केल्या की माणसाने, हे त्यांनी स्वतःशीच ताडून पाहिलं अन् मग कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळक पाळक झाले. घरात पैसा कधी टिकला नाही, परकी लेकरं मात्र सांभाळली.

१९१९ ला टिळक गेले, त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं. शाळेत न गेलेल्या बाईंनी ते पूर्ण केलं. 'स्मृतिचित्रे'त तर नवऱ्याचा तापटपणा अन् स्वतःची फजिती, काहीच झाकलं नाही. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या वारल्या. पुस्तकाचा राहिलेला शेवट दत्तूने लिहिला.