देवळाच्या पाठीमागे

१९९१ साली बँकेने माझी बदली हिंगोलीच्या बाजूला एका लहानशा शाखेत केली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. शाखेच्या दारात एक लांबलचक ओटा होता. पीककर्जासाठी आलेले शेतकरी, बाजाराला आलेल्या बाया, एस. टी. चुकलेली कॉलेजची पोरे, सगळे त्यावर टेकत. पावसापासून सोयरिकीपर्यंतचे बोलणे तिथे चाले. वरिष्ठ तपासणीला येणार म्हणून मी त्या ओट्याला लोखंडी जाळी बसवून घेतली. शाखा नीटनेटकी दिसू लागली. तपासणीही उत्तम पार पडली. मात्र महिनाभराने माझ्या ध्यानात आले की, गावातली खबरबात आता आपल्याला कुणी सांगत नाही.

त्याच सुमारास एका रविवारी मी औंढा नागनाथला गेलो. देवळाला प्रदक्षिणा घालताना दिसले की, एरवी शंकरासमोर असणारा नंदी इथे पाठीमागे आहे. त्याचे कारण या भागात पोरासोरांनाही ठाऊक असते. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले आणि पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवले. ते गुमान देवळाच्या पाठीमागे गेले आणि तिथे कीर्तन मांडले. तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. ही कथा खरी की भाविकांची, या वादात मी पडत नाही. हिशेबात हयात गेलेल्या माणसाला तिच्यात एक साधा हिशेब दिसला: लोक जिथे बसतात, तीच जागेची दर्शनी बाजू. दारातून माणसे उठवणाऱ्यांपैकी मीही एक होतो, हेही त्या दिवशी कळले.

नामदेव याच मातीतले. कयाधूकाठच्या नरसी गावी इ. स. १२७० मध्ये त्यांचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. काही अभ्यासक जन्म पंढरपूरचा मानतात. वडील दामाशेटी, आई गोणाई, व्यवसाय शिंप्याचा. आयुष्य पंढरपुरात विठ्ठलाच्या पायाशी गेले. विठ्ठल आपल्याशी बोलतो, जेवतो, हा त्यांना मोठा अभिमान. संतमंडळींच्या बैठकीत गोरोबा कुंभारांनी थापटण्याने एकेकाचे डोके तपासले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ती कथा सर्वश्रुत आहे. रुसलेले नामदेव अखेर औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. जिथे देव नाही तिथे पाय उचलून ठेव, असे त्यांनी सुचवले आणि नामदेवांना तशी जागाच सापडेना. देव एका गाभाऱ्यापुरता नाही, हा धडा त्यांनी औंढ्यात घेतला.

या धड्याचे पुढे काय झाले, ते चंद्रभागेच्या वाळवंटात पाहावे. वारकरी कीर्तनाची सुरुवात नामदेवांपासून मानली जाते. त्या कीर्तनासाठी त्यांनी नदीची वाळू निवडली. वाळूला उंबरठा नसतो, मालक नसतो आणि मानाची पहिली रांगही नसते. तिथे गोरा कुंभार, नरहरी सोनार, घरकाम करणारी जनाबाई आणि देवळाची पायरी चढायची मुभा नसलेले चोखोबा एका तालावर उभे राहिले. बांधकामाचा खर्च शून्य! सातशे वर्षांनंतरही आषाढीला ते वाळवंट भरते.

यावरून विल्यम व्हाइट या अमेरिकन माणसाची आठवण होते. न्यूयॉर्कने १९६१ साली, इमारतीपुढे मोकळा चौक सोडणाऱ्या बिल्डरांना जादा मजल्यांची सवलत दिली. चौक झाले, पण बरेचसे ओसाड राहिले. व्हाइटने कॅमेरे लावून सत्तरच्या दशकात त्यांचा अभ्यास केला आणि १९८० साली पुस्तक लिहिले. निष्कर्ष अगदी साधे. टेकायला जागा असली की लोक बसतात. माणसांना सर्वांत जास्त ओढ माणसांचीच असते. आणि एखादा गाणारा-वाजवणारा आला की अनोळखी लोक एकमेकांशी बोलू लागतात. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे वीणा घेतलेले नामदेवच आले.

ज्ञानेश्वरांबरोबर नामदेव तीर्थयात्रेला गेले. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. पुढे नामदेव उत्तरेत हिंडले. पंजाबातील घुमान गावी त्यांनी दीर्घ मुक्काम केला, असे मानतात. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि फिरलेल्या देवळाची कथा त्यांतही आहे. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते याच नात्याने. नरसीलाही शीख भाविक येतात.

१३३८ साली मंगळवेढ्याला कुसाचे बांधकाम कोसळून चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून विठ्ठलाच्या महाद्वारासमोर समाधी दिली. जिवंतपणी ज्याला आत घेतले नाही, त्याची जागा दारातच पक्की झाली. पण त्याच्या जातभाईंना आत जायला साने गुरुजींचे १९४७चे उपोषण व्हावे लागले. वाळवंट सर्वांचे झाले म्हणून देऊळ आपोआप सर्वांचे होत नाही. ती लढाई वेगळी लढावी लागते.

स्वतः नामदेव १३५० साली महाद्वाराच्या पायरीशी समाधिस्थ झाले. येणाऱ्या-जाणाऱ्या संतांची पायधूळ लागावी, ही त्यांची इच्छा होती, असे सांगतात. इतकी कीर्ती मिळवलेल्या माणसाने शेवटी मागितली, ती वर्दळीची जागा.

बदलीच्या आधी ती जाळी मी काढायला लावली. तरी ओटा रिकामाच राहिला. एकदा उठवलेली माणसे जाळी काढली म्हणून परत येत नाहीत. मग एका बाजारच्या दिवशी मी स्वतःच चहाचा कप घेऊन ओट्यावर जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने एक म्हातारबा शेजारी टेकले आणि त्यांनी विचारले की, साहेब, इथं बसलं तर चालतं का?