न ऐकू येणारा सांधा

निवृत्तीनंतर रिकामे हात काही स्वस्थ बसू देईनात, म्हणून मी घरच्या घरी स्पीकर बनवायला घेतले. तापकीर गल्लीतून वूफर, ट्विटर, कॉइल आणि कपॅसिटर आणले. खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्विटरला वाटून देणाऱ्या जोडणीला क्रॉसओव्हर म्हणतात. ३००० हर्ट्झच्या आसपास वाटणी करायची ठरवून हिशेब मांडला. बँकेत उमेदवारी गेलेली, त्यामुळे आकडे चोख जुळले. गाणे लावले, तर आवाज पोकळ! दोन्ही स्पीकर ठणठणीत होते. पण वाटणीच्या जागी एकाचा पडदा पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई आणि तिथला सूर दोघे मिळून गिळून टाकत. अखेर ट्विटरच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि आवाज भरून आला.

त्या संध्याकाळी मला दामलेमामांची आठवण झाली.

विष्णुपंत गोविंद दामले मूळचे पेणचे, जन्म १८९२चा. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांच्या हाताखाली ते घडले. पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरासुद्धा स्वतः तयार केला होता. नसेल ती वस्तू आपण बनवायची, हे त्या शाळेतले शिक्षण. १९२९मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी ‘प्रभात’ काढली. बोलपट आला तेव्हा चाळिशीला टेकलेल्या दामल्यांनी ध्वनिमुद्रणाची जबाबदारी उचलली. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’चा आवाज त्यांनी टिपला. तेव्हा पार्श्वगायन नव्हते. नटाने कॅमेऱ्यासमोर गायचे आणि साथ तिथेच व्हायची. गळा आणि वाद्ये यांचा मेळ जागच्या जागी जमवावा लागे.

१९३३मध्ये प्रभात पुण्यात आली. इथे दामलेमामा आणि फत्तेलाल, म्हणजे साहेबमामा, यांची जोडी फुलली. एक पेणचा ब्राह्मण, दुसरा कागलचा मुसलमान. दोघांनी मिळून १९३६मध्ये ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. मुंबईत तो वर्षाहून अधिक चालला, १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. पागनीसांचा शांत तुकाराम आणि गौरींची कडाडणारी जिजाई पाहताना कुठला प्रसंग कोणत्या मामांचा, हे सांगता येत नाही. त्यातला शांताराम आठवल्यांनी लिहिलेला एक अभंग तर तुकोबांचाच आहे, असे कितीतरी लोक समजत. सांधा बसला की असा बसतो.

सारेच सांधे टिकले नाहीत. १९४२मध्ये शांतारामबापू प्रभात सोडून गेले. १९४५मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दामलेमामांचे निधन झाले. पुढे कंपनीही बंद पडली. १९६०मध्ये त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

बँकेत भागीदारीची कितीतरी खाती माझ्या हाताखालून गेली. दोघेही भागीदार प्रामाणिक, दोघेही कष्टाळू, तरी खाते कोरडे पडत जाई. तेव्हा मी ताळेबंदात चूक शोधत बसे. आज वाटते, एकाचे पाऊल पुढे पडताना दुसऱ्याचे मागे पडते आहे का, एवढे तरी विचारायला हवे होते.

आता रविवारी सकाळी मी ‘तुकाराम’मधले अभंग लावतो. बायको स्वयंपाकघरातून ऐकते. आवाज कुठल्या स्पीकरमधून येतो, हे तिने अजून एकदाही विचारलेले नाही.