जवाचे सरदार : डॉ. ताकाकी कानेहिरो

१८८२ च्या डिसेंबरात जपानच्या आरमाराचे 'र्‍यूजो' हे शिकाऊ जहाज लांबच्या सफरीवर निघाले. न्यूझीलंड, दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा आणि होनोलुलू असा मार्ग होता. जहाजावर ३७६ तरुण होते. वाटेत कोणाशी युद्ध झाले नाही की मोठे वादळ आडवे आले नाही. तरीही २७२ दिवसांच्या त्या सफरीत १६९ जण आजारी पडले आणि २५ जण दगावले. पाय सुजत, मग बधिर होत, चालता येईनासे होई आणि अखेर हृदय थकून माणूस जाई. जपानी लोक या रोगाला काक्के म्हणत. आपण त्याला बेरीबेरी या नावाने ओळखतो.

रोग जपानला नवा नव्हता. राजवाड्यापासून सैन्याच्या बराकीपर्यंत तो सर्वत्र होता. खुद्द सम्राट मेइजी यांनाही त्याने सोडले नव्हते. परदेशाशी दोन हात करण्याची स्वप्ने पाहणाऱ्या आरमारातील दर दहा माणसांपैकी तीन-चार माणसे दरवर्षी या रोगाने अंथरूण धरीत. हे कोडे ज्यांनी सोडविले, त्या डॉ. ताकाकी कानेहिरो यांची ही कहाणी आहे.

ताकाकींचा जन्म ३० ऑक्टोबर १८४९ रोजी क्यूशू बेटावरील ह्यूगा प्रांतात, एका साध्या सामुराई घराण्यात झाला. घरची स्थिती बेताचीच होती. लहानपणीच वैद्यकीची गोडी लागली आणि १८६८ च्या यादवी युद्धात त्यांनी जखमींची शुश्रूषा केली. पुढे कागोशिमा येथे विल्यम विलिस या ब्रिटिश डॉक्टरांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. १८७२ मध्ये ते नौदलात दाखल झाले आणि १८७५ मध्ये नौदलाने त्यांना लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पाठविले. तेथे त्यांनी पाच वर्षे काढली.

ही पाच वर्षे त्यांच्या साऱ्या आयुष्याला पुरली. जपानी वैद्यकावर त्या काळी जर्मन विद्येचा पगडा होता. तिचा भर प्रयोगशाळेवर होता. सेंट थॉमसमध्ये मात्र विद्यार्थी रोग्याच्या खाटेशी उभा राहून शिकत असे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी उभी केलेली परिचारिकांची शाळाही त्याच आवारात होती. स्वतः नाइटिंगेल यांनी युद्धातील मृत्यूंची मोजदाद करून सरकारचे डोळे उघडले होते. रोग समजून घ्यायचा तर आधी माणसे मोजावी लागतात, हे इंग्लंडमधील आरोग्यशास्त्राचे सूत्र ताकाकी सोबत घेऊन १८८० मध्ये मायदेशी परतले.

परतल्यावर त्यांनी नौदलाची दफ्तरे उघडली. कोणत्या जहाजावर किती रोगी, कोणत्या ऋतूत किती, कपडे कसे, झोपण्याची जागा कशी, दर्जा कोणता, असे एकेक प्रश्न घेऊन त्यांनी पाहणी सुरू केली. हवामानाचा संबंध जुळेना. स्वच्छतेचाही जुळेना, एकाच छपराखाली राहणाऱ्यांत काहींना रोग होई, काहींना होत नसे. पण दर्जाप्रमाणे पाहिले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. अधिकाऱ्यांत रोग थोडा होता, खलाशांत पुष्कळ, आणि कैद्यांत सर्वांत अधिक. शिवाय परदेशी बंदरात जहाज मुक्कामाला असले आणि खलाशी तेथील अन्न खाऊ लागले, की रोग ओसरे. मायदेशी परतले की पुन्हा डोके वर काढी.

फरक ताटात होता. खलाशांना जेवणासाठी रोख भत्ता मिळे. गरीब घरची ही पोरे त्यातले पैसे वाचवून घरी धाडीत आणि स्वतः मूठभर तोंडीलावण्यावर पांढरास्वच्छ भात पोटभर खात. खेड्यात भरडधान्य खाऊन वाढलेल्या मुलाला पांढरा भात म्हणजे चैनच वाटे. त्या चैनीतच विष दडले होते, हे कोणाला कसे सुचावे?

ताकाकींनी आहाराचे घटक मोजले आणि निष्कर्ष काढला, की अन्नात नत्र फार कमी व कार्बन फार जास्त आहे. हे प्रमाण एकास पंधरा असावे. उपाय म्हणून मांस, मासे, पाव, कडधान्ये द्यावीत आणि रोख भत्ता बंद करावा, असे त्यांनी सुचविले. वरिष्ठांना खर्च पेलवेना. तेव्हा १८८३ च्या नोव्हेंबरात ताकाकींनी थेट सम्राटापुढे आपले म्हणणे मांडले. अखेर परवानगी मिळाली आणि १८८४ च्या फेब्रुवारीत 'त्सुकुबा' हे जहाज त्याच जुन्या मार्गाने निघाले. माणसे ३३३ होती, दिवस २८७ लागले. आहार तेवढा बदलला होता. काही महिने ताकाकींनी कसे काढले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. जहाज परतले तेव्हा मृत्यू एकही नव्हता. जे मोजके आजारी पडले, त्यांतील बहुतेकांनी नवे अन्न नीट खाल्लेच नव्हते.

खलाशांना पाव रुचेना, म्हणून १८८५ पासून भातात जव, म्हणजे बार्ली, मिसळण्यात आले. १८८२ मध्ये ४७६९ माणसांत १९२९ रोगी होते. १८८५ मध्ये ६९१८ माणसांत अवघे ४१ उरले.

येथे गोष्ट संपायला हवी होती. पण लष्कराच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि टोकियो विद्यापीठातील पंडितांना हे पटेना. रोग जंतूंमुळेच होत असला पाहिजे, अशी त्यांची खात्री होती. जव का गुणकारी आहे याची शास्त्रीय उपपत्ती द्या, असा त्यांचा आग्रह. लष्करी डॉक्टर मोरी रिंतारो हे या पक्षाचे एक अग्रणी होते. ओगाई या नावाने आधुनिक जपानी साहित्यात अजरामर झालेले थोर लेखक ते हेच. माणसाच्या मनाचे तळ शोधणाऱ्या या प्रतिभावंताला बराकीतल्या सुजलेल्या पायांचा अर्थ लागला नाही, हे वाचून मन विषण्ण होते. १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात लष्कराने जवानांना पुन्हा पांढऱ्या भाताचाच शिधा दिला. दोन लाखांहून अधिक सैनिकांना बेरीबेरी झाला आणि सुमारे २७००० जण त्याने मेले. जवाचा पुरावा तोवर वीस वर्षे सरकारी कागदांत पडून होता.

खरे सांगायचे तर ताकाकींची उपपत्तीही चुकीचीच होती. दोष नत्राच्या प्रमाणाचा नव्हता. तांदूळ सडताना कोंड्याबरोबर जे जीवनसत्त्व निघून जाते, त्या ब-१ च्या अभावाने हा रोग होतो, हे पुढे आइकमान, सुझुकी, फुंक आदींच्या संशोधनातून उलगडले. आपल्या कोकणातील उकड्या तांदळात हे सत्त्व बरेचसे टिकते, कारण उकडताना ते दाण्याच्या आत मुरते. ताकाकींना यातले काही ठाऊक नव्हते. माणसे कशाने जगतात एवढे त्यांना दिसले होते, आणि तेवढ्यावर कृती करण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते.

त्यांचे दुसरे कार्यही तितकेच मोलाचे आहे. १८८१ मध्ये त्यांनी डॉक्टर घडविणारी शाळा काढली आणि १८८२ मध्ये गरिबांसाठी धर्मादाय रुग्णालय. रोग्याकडे अभ्यासाचे साधन म्हणून पाहण्याची तेव्हाची वृत्ती त्यांना सलत होती. रोगापेक्षा रोगी माणूस मोठा, ही त्यांची शिकवण होती. १८८४ मध्ये प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी बाजार भरवून निधी जमविला आणि १८८५ मध्ये जपानमधील पहिली परिचारिका शाळा तेथे सुरू झाली. हीच संस्था पुढे जिकेई या नावाने वाढली आणि आज तिचे वैद्यकीय विद्यापीठ टोकियोत उभे आहे.

१९०५ मध्ये ताकाकींना सरदारकी मिळाली. लोकांनी थट्टेने, पण प्रेमाने, त्यांना जवाचे सरदार म्हटले. १३ एप्रिल १९२० रोजी ते निवर्तले. १९५९ मध्ये अंटार्क्टिकातील एका भूशिराला त्यांचे नाव देण्यात आले.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. जंतू आणि जीवनसत्त्वे हा आपला प्रांत नव्हे. पण गरिबाच्या ताटात काय आहे हे पाहणे, त्याची नीट नोंद ठेवणे आणि ती नोंद आपल्या लाडक्या मताविरुद्ध गेली तर मत बदलणे, एवढे तर आपल्यालाही जमण्यासारखे आहे. ओगाईंची प्रतिभा फार थोड्यांच्या वाट्याला येते. ताकाकींची वही मात्र कोणालाही उघडता येईल.