मेसचा हिशोब आणि नामदार गोखले

मागच्या वर्षी आमच्या मेसचे बिल वाढले तेव्हा रात्री बारापर्यंत गच्चीवर नुसता आरडाओरडा चालला होता. मीही त्यात होतोच. शेवटी एका सिनियरने विचारले, हिशोबाची वही कुणी बघितली आहे का? सगळे गप्प!

नेमके त्याच आठवड्यात मी लायब्ररीतून गोपाळ कृष्ण गोखल्यांचे चरित्र आणले होते. गांधीजींचे राजकीय गुरू, एवढ्या एका वाक्यात आपण या माणसाला संपवून टाकतो. पण हा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातला. जन्म ९ मे १८६६, गुहागर तालुक्यातले कोतळूक गाव. १८७९ मध्ये वडील गेले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून कागलला १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये दरमहा गोपाळला पाठवले. १८८४ साली बी.ए. होऊन गोखले पुण्यात शिक्षक झाले, पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. अंकगणितावर त्यांनी पुस्तकही लिहिले. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सरकारी कागदपत्रे आणि आकडे वाचायची शिस्त त्यांना लागली.

असा काटेकोर माणूसही एकदा घसरला. १८९७ साली इंग्लंडमध्ये असताना, पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी प्लेगच्या बंदोबस्तातल्या सैनिकांवर गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मिळेना. तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांची नावे न सांगता त्यांनी जाहीर माफी मागितली. स्वकीयांनीही खूप टीका केली, ती त्यांनी सोसली. आलेला मेसेज न वाचता पुढे ढकलणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा.

१९०२ साली कलकत्त्याच्या केंद्रीय कायदे मंडळात त्यांचे अर्थसंकल्पावरचे पहिले भाषण झाले. सरकार शिलकीची फुशारकी मारत होते. गोखल्यांनी आकडे मांडून दाखवले की ही शिल्लक लोकांच्या सुबत्तेची नाही. रुपयाचा विनिमय दर चढवल्याची आणि दुष्काळातही न उतरवलेल्या करांची आहे. मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. त्यांनी विषय सोडला नाही. १९०७ पर्यंत तो टप्प्याटप्प्याने १ रुपयावर आला.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला. सभासदाने आधी ५ वर्षे अभ्यास आणि देशभर प्रवास करायचा, मग लोकांना शिकवायचे. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी ते गेले. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा झाला तो २००९ साली!

मित्रांनो, सभागृहात सरकारला हरवण्याइतकी मते गोखल्यांकडे कधीच नव्हती. त्यांच्याकडे होता तो अभ्यास. आपल्याकडे अठरा पूर्ण झाले की मत आहे, पण अभ्यास?

ता.क. : मेसची वही आम्ही मागून घेतली. निम्मी वाढ बरोबर निघाली. उरलेल्या निम्म्यावर वॉर्डन सरांशी शांतपणे चर्चा झाली आणि बिल थोडे उतरले. आरडाओरडा मात्र कुणालाच करावा लागला नाही.