रुडॉल्फ डिझेल

सानपाडा येथे रस्त्याकडेच्या एका दुकानात जुन्या पिकअप गाडीचे पेट्रोल इंजिन उतरवून तीत डिझेल इंजिन बसविताना आम्ही पाहिले. डिझेल हे एका मनुष्याचे नाव होय, हे पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल; म्हणून हा अल्प परिचय.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे जर्मन कुटुंबात झाला. १८७० च्या युद्धामुळे कुटुंबास ते शहर सोडावे लागले. पुढे म्युनिक येथे शिकत असता, वाफेचे यंत्र जळणातील बहुतेक उष्णता वाया दवडते, हे ऐकून त्यांच्या मनास चैन पडेना. हवा अतिशय दाबली असता इतकी तापते की, तीत सोडलेले तेल ठिणगीवाचून पेट घेते. या तत्त्वावर त्यांनी १८९२ साली पेटंट मागितले. १८९३ च्या चाचणीत स्फोट झाला; तथापि धीर न सोडता १८९७ मध्ये त्यांनी सुमारे २० अश्वशक्तीचे यंत्र सिद्ध केले. त्यात पाव हिश्शाहून अधिक उष्णता कामी लागे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात असे एक यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालले.

कीर्ती लाभली, परंतु आजार व कर्ज यांनी त्यांस ग्रासले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडास जाणाऱ्या आगबोटीवरून ते नाहीसे झाले. त्यांचे इंजिन मालमोटारीत आले, ते त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी. पेरणाऱ्यास पीक पाहावयास मिळतेच असे नाही. म्हणून पेरणी व्यर्थ ठरत नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी धरावे.